नूरचे रून

आमच्या वणीच्या बाजारात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाईल दुरुस्तीचे दुकान काढले. नाव दिले दादीचे. "मॅडम, निऑनची पाटी लावलीय, बघायला या," असा निरोप आला. गेले. मराठीतले 'नूर' झकास उजळले होते. खाली उर्दूत मात्र तीन सुटी अक्षरे, तीही उलट क्रमाने: रे, वाव, नून. नूरचे रून झाले होते! उर्दू उजवीकडून लिहितात, अक्षरे जोडतात, हे पाटी करणाऱ्याच्या संगणकाला ठाऊक नव्हते. मुलगा मराठी माध्यमातला, त्याला कळले नाही. पण दादींना वाचता येते ते फक्त उर्दू, आणि जुम्म्याला त्या दुकान बघायला येणार होत्या.

खरे तर ही पाटी निऑनची नव्हतीच. निऑन हा वायू विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली लंडनमध्ये शोधला. १९१० मध्ये जॉर्ज क्लोदने पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याच्या लांब नळ्या पेटवून दाखवल्या. पुढे मुंबईच्या चित्रपटगृहांवरही हा उजेड आला.

काम मोठे नाजूक. कारागीर काचेची नळी ज्योतीवर मऊ करतो आणि वाकवताना रबरी नळीतून तिच्यात हलकी फुंक मारतो, नाहीतर वळणावर ती चपटी होते. मग आतली हवा काढून थोडासा वायू भरायचा आणि काही हजार व्होल्टची वीज द्यायची. निऑनचा स्वतःचा रंग तांबडा-नारिंगी. निळ्यासाठी आरगॉन आणि पाऱ्याची वाफ लागते. दोन अक्षरांमधली नळी दिसू नये म्हणून तिला काळा रंग फासतात. नमुन्याचा कागद बहुधा उलटा, आरशात दिसावा तसा असतो, कारण टेबलावर टेकलेली सपाट बाजूच पुढे दर्शनी होते. आमच्या उर्दूच्या जुन्या लिथो छापखान्यांतही दगडावरची दुरुस्ती अशीच उलट्या अक्षरांत करीत. उलटे लिहून सुलटे दाखवणारी ही माणसे, आणि यंत्राने सुलट्याचे उलटे केले!

आता 'निऑन' म्हणून मिळते ती सिलिकॉनच्या आवरणातली एलईडीची पट्टी. स्वस्त, कमी विजेची, हाताने वाकणारी. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. काच, पारा आणि एवढा व्होल्टेज त्या छोट्या दुकानात मलाही नको वाटला असता.

मी पुठ्ठ्यावर बोरूने 'नूर' लिहून दिले, नून वावला जोडून. त्याने पट्टी त्यावरून वळवून चिकटवली. नुक्त्याएवढा तुकडा काही कापता येईना, तेव्हा तिथे मोबाईलच्या चार्जरमधला बारीक दिवा बसवला. गुरुवारी रात्री दहाला पाटी पेटली.