चाकणच्या रस्त्यावर मीठ कुणी टाकलं?

गाडीच्या रंगाला थंडीपासून आणि रस्त्यावरच्या मिठापासून जपा, असं सांगणारी मंडळी हल्ली आपल्याकडे फार झाली आहेत. वाकडला जा, भोसरीला जा, मोशीला जा, नवी गाडी जिथे विकतात तिथे हे सांगणारं एक वेगळं टेबल असतंच. माझा त्यांना साधा प्रश्न आहे. चाकणच्या रस्त्यावर मीठ टाकतं कोण?

हा प्रश्न मी समोरासमोर विचारलेला आहे. गेल्या दसऱ्याला आमच्या पुतण्याने गाडी घेतली. हिशेबाच्या कागदावर 'पेंट प्रोटेक्शन पॅकेज' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढचा आकडा माझ्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा मोठा होता. विकणारा मुलगा बोलायला गोड. म्हणाला, "आजी, विंटरमध्ये पेंट क्रॅक होतो, आणि रोडवरचं सॉल्ट बॉडी खातं." हातातल्या चकचकीत पत्रकावर बर्फातून चाललेल्या गाडीचं चित्र, मागे सूचिपर्णी झाडं. मी म्हटलं, बाळा, हे सॉल्ट कुठल्या रोडवर? नाशिक रोडवर की तळेगाव रोडवर? तो हसला आणि पुढचं सगळं माझ्याकडे पाठ करून पुतण्याशी बोलला. म्हातारीला गाडीतलं काय कळतंय, हे न बोलता सांगायची ही पद्धत. नोकरीत तीस वर्षं पाहिली आहे, त्यामुळे लगेच ओळखता आली.

आता मला काय कळतं ते सांगते. माझे यजमान इथल्याच एका कारखान्याच्या पेंट शॉपमधून निवृत्त झाले. मी ज्यांना समास आणि अलंकार शिकवले त्यांतली कितीतरी मुलं आज चाकण-तळेगावच्या कारखान्यांत पाळ्या करतात. मायक्रॉन हा शब्द मी पुस्तकात नाही, जेवणाच्या ताटावर शिकले.

आधी मिठाचं बघू. माझ्या वयाच्या वाचकांना पॉटचं आइस्क्रीम आठवत असेल. लाकडी बादलीत बर्फ, बर्फात खडेमीठ, मधल्या डब्यात दूध, आणि दांडा फिरवायला गल्लीतली सगळी पोरं. मीठ कशाला? तर मिठाचं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याच्याही बरंच खाली जाऊन पातळच राहतं. तेच तत्त्व थंड देशांत रस्त्यावर वापरतात. बर्फ साचला की गाड्या घसरतात, म्हणून मीठ फेकतात आणि बर्फ वितळवतात. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या पोटात तर हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि तिथलं मीठ रस्त्यांवरच जातं. मोटारींचं शहर वर आणि मोटारी खाणारं मीठ त्याच्या खाली! हे खारट पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागतं. साध्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून लोखंड फार लवकर गंजतं. माझी भाची कॅनडात आहे. ती दर वर्षी थंडीआधी गाडीच्या पोटाला तेलाचा फवारा मारून घेते आणि थंडीभर खालून पाणी मारून घेते. तिचं बरोबरच आहे. तिच्या रस्त्यावर मीठ आहे.

आपल्याकडे काय आहे? डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. शून्याला तो कधी शिवत नाही. चाकणची थंडी गाडीच्या रंगाला तडे पाडते म्हणे! अहो, इथे बनलेल्या फोक्सवॅगन गाड्या बोटीत बसून मेक्सिकोला गेल्या. ज्या कंपन्यांचा रंग युरोपातल्या बर्फात टिकतो त्याच कंपन्यांचे कारखाने २००९ पासून चाकणला उभे आहेत, आणि त्याच चाकणमध्ये स्वेटरच्या थंडीची भीती विकली जाते आहे.

या व्यवहारात मला खरा राग येतो तो इथे. ज्या गावात रंग लावला जातो त्या गावातल्या माणसाला त्या रंगाची काही माहिती नसावी, आणि माहिती नाही म्हणून त्याने आणखी पैसे भरावे! कारखान्यात गाडीचा उघडा सांगाडा आधी धुतात, त्यावर फॉस्फेटचा थर चढवतात, मग अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंग अशा कानाकोपऱ्यांत जाऊन बसतो जिथे कुणाचा हात पोचणार नाही. मग दीडशे अंशांच्या वर तापलेली भट्टी. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. पेंट शॉपमध्ये धुळीचा कण जाऊ नये म्हणून माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेतात. रंगवलेल्या पत्र्याचे नमुने मिठाच्या धुक्याच्या पेटीत शेकडो तास ठेवून तपासतात, म्हणजे मिठाची परीक्षा गाडी जन्माआधीच देऊन आलेली असते. हे सगळं झाल्यावर विक्रीच्या शेडमध्ये कुणी अर्ध्या तासात गाडीच्या पोटाला काळं डांबरासारखं काही फासणार आणि म्हणणार, आता गंज लागणार नाही. घाईत फासलं तर ते पाणी निघून जाण्याची बारीक छिद्रं बुजवतं आणि आत अडकलेलं पाणीच गंज आणतं, हे मात्र पत्रकात नसतं.

आता सिरॅमिक. सिरॅमिक म्हणजे चिनी माती, म्हणजे आमची लोणच्याची बरणी. (मीठही आम्ही तिच्यातच ठेवायचो, तेवढाच काय तो मिठाचा संबंध.) या कोटिंगवर '९ एच' असं लिहिलेलं असतं आणि विकणारा 'हिऱ्याच्या खालोखाल कडक' असं सांगतो. हे ९ एच म्हणजे काय, हे शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना विचारा. एचबी, दोन बी, चार एच अशा पेन्सिली असतात ना, तीच ही मोजणी! रंगावर पेन्सिल ओढून बघतात, ओरखडा उठतो का. सगळ्यात कडक पेन्सिल ९ एच. खनिजांच्या काठिण्याची मोजपट्टी निराळी, हिरा तिच्यात दहाव्या पायरीवर. धुळीतला गारगोटीचा कण त्याच पट्टीवर सातव्या पायरीवर बसतो. पेन्सिल कितीही कडक असो, ती शेवटी शिसपेन्सिलच. दोन पट्ट्यांवरचे आकडे शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला फसवणं म्हणजे फूटपट्टीने ताप मोजणं झालं.

कोटिंगने चमक येते, पाणी ओघळून जातं, हे मी नाकारत नाही. आणि ती पारदर्शक फिल्म चिकटवतात ती खडीच्या ट्रकमागून उडणारा दगड काही प्रमाणात अडवते, हेही खरं. ज्याला परवडतं त्याने जरूर लावावी. पण दगडाच्या नावाने विका की! मिठाच्या नावाने का विकता?

मग आपल्या गाड्यांचा रंग जातो कशाने? कुठल्याही सोसायटीत सकाळी सहाला खाली उतरून बघा. थंडीत रात्री आकाश निरभ्र असतं, गाडीचं टप गार पडतं आणि त्यावर दव धरतं. दिवसभर मोशीच्या खाणींची, बांधकामांची, चाकणच्या ट्रकांची धूळ बसलेली असते. दव आणि धूळ मिळून पातळ चिखल. तो वाळला की पापुद्रा. आणि त्या पापुद्र्यावर आपण रोज सकाळी काय फिरवतो? कोरडं, नाहीतर अर्धवट ओलं फडकं. तेही एकच, वीस गाड्यांना. आपली धूळ म्हणजे फुटलेला काळा बेसाल्ट, त्यात सिमेंट, त्यात वाळू. तिच्यापुढे तो पारदर्शक थर किती? चाळीसेक मायक्रॉन. सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे, म्हणजे जाडसर वहीच्या एका पानाएवढे. वरचा थर त्या पानाचा अर्धासुद्धा नाही, आणि आपण त्याला वर्षातून तीनशे पासष्ट वेळा सँडपेपर लावतो. मग उन्हात गाडी उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात. ते काढायला 'रबिंग पॉलिश' करायचं, म्हणजे उरलेल्या थरातून आणखी थोडं घासून टाकायचं! पान असं दोन्हीकडून झिजतं आणि आपण म्हणतो, हल्लीच्या गाड्यांना पूर्वीसारखा रंग राहिला नाही.

मीठ शोधायचंच असेल तर ते रस्त्यावर नाही, बादलीत आहे. मोशी, चिखली, रावेतच्या नव्या सोसायट्यांत टँकरचं आणि बोअरचं पाणी वापरतात, आणि ते जड असतं. हे पाणी उन्हात गाडीवर वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. आपल्या नळाच्या तोटीवर आणि गीझरच्या कॉइलवर जे बसतं तेच हे. हे ठिपके उठू नयेत म्हणून करायचं ते एवढंच, की सावलीत धुवायची, आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग मऊ कापड लावायचं आणि शेवटी थेंब वाळू न देता टिपून घ्यायची. पक्ष्याची घाण मात्र तेवढ्यापुरती त्याच दिवशी ओली करून काढायची, ती थांबत नाही. याला पॅकेज लागत नाही. दोन बादल्या लागतात.

दोन बादल्या म्हटलं, पाइप नाही म्हटलं. या शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून पालिकेचं पाणी दिवसाआड येतं, आणि पाइपने एक गाडी धुताना शंभर लिटर कधी गेलं ते कळतही नाही. हे पाणी पवनेचं आहे. ९ ऑगस्ट २०११ ला ते बंद जलवाहिनीतून शहराकडे नेण्याला विरोध करायला मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले, त्यांत एक बाई होती. त्या दिवशी कोण बरोबर, कोण चूक, यावर पुष्कळ बोलून झालं आहे. मला एवढंच वाटतं, की ज्या पाण्यासाठी माणसं मेली ते पाणी रोज गाडीवर सोडताना हात जरा अडखळावा.

आणि फडकं मारणारा माणूस. ओरखडे दिसले की पहिली शिवी त्याला. आमच्याकडे येतो तो लातूरकडचा, पहाटे साडेपाचला सुरू करतो, आठच्या आत त्याला वीस गाड्या उरकायच्या असतात, कारण आठनंतर गाड्याच जागेवर नसतात. गाडीमागे महिन्याचे काही शे रुपये. जानेवारीत त्याच्या बोटांना भेगा पडतात. भाजणी करपली की जातं फेकून देतात का कुणी? त्याला कोरडं फडकं आपण दिलं, रोज फिरवायला आपण सांगितलं, नीट पाणी आपण देत नाही, आणि रंग गेला की हात त्याचा वाईट! सहा आकडी कोटिंग करणाऱ्या एका गृहस्थांना मी त्याला शंभर रुपयांचं मऊ कापड घेऊन द्या म्हटलं, तर ते म्हणाले, "बाई, ही माणसं ते घरी नेतात."

एक अपवाद सांगितला पाहिजे. आपल्यालाही खरं मीठ लागतं, वर्षातून दोन-तीनदा, आणि नेमकं थंडीतच. डिसेंबरच्या सुट्टीत हीच मंडळी अलिबागला, काशीदला, हर्णैला जातात आणि हौसेने गाडी पुळणीवर घालतात. चाकं लाटेत, फोटो, आरडाओरडा. ती ओली खारी वाळू चाकांच्या वरच्या खोबणीत, पाट्यांत, पोटाखाली जाऊन बसते. परत आल्यावर पहिल्याच दिवशी खालून गोड्या पाण्याचा फवारा मारायला हवा. तिथे कुणी खर्च करत नाही. वरचा रंग पुसला की काम झालं, कारण शेजारी वरचाच रंग बघतो. कॅनडातल्या भाचीला हे सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना, की माणसं आपण होऊन गाडी मिठात नेतात.

आमच्या सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे. मी लेखी विषय दिला आहे: गाड्या रोज पुसणं बंद करावं, आठवड्यातून दोनदा बादलीने नीट धुवाव्यात, पाइप बंद, कापडं सोसायटीने द्यावीत, आणि पुसणाऱ्याचे महिन्याचे पैसे आहेत तेवढेच ठेवावेत. सचिवांचा परवाच फोन आला. बाकी सगळं ठीक आहे म्हणाले, पण काम कमी आणि पैसे तेवढेच, हे सभेत पटायचं नाही. मी त्यांना म्हटलं, विषय कापू नका, जसा लिहिलाय तसाच वाचा.