पाय गेल्यानंतरची तत्परता

कृत्रिम अवयव वाटपाची शिबिरे मंत्रिमहोदयांना प्रिय असतात. छायाचित्र उत्तम येते. १९६८ मध्ये साकारलेला जयपूर फूट, कानपूरची अ‍ॅलिम्को, १९८१ पासूनची ‘एडिप’ योजना. पाय गमावलेल्यांसाठी या देशाने बरेच केले, हे मान्यच. पाय जाऊच नये यासाठी काय केले, हे मात्र दिल्लीच्या दालनांत क्वचितच विचारले जाते.

देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, असा आयसीएमआर-इंडियाब पाहणीचा २०२३ मधील अंदाज आहे. मधुमेहाने पाय बधिर होतो, रक्तपुरवठा घटतो. तंबाखू त्यात भर घालतो. चपलेने आलेला फोड कळत नाही, जखम चिघळते आणि अखेर पाय कापावा लागतो. नायलॉनच्या धाग्याने पायाची संवेदना तपासणे आणि मऊ पादत्राणे देणे, एवढ्यानेही यातील बरेच टळू शकते. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी सरकार एमसीआर चपला मोफत देतेच. तेव्हा उपाय ठाऊक नाही, असे म्हणता येणार नाही.

२०१८ ची आयुष्मान भारत विमा योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार देते. फोड दिसताच बाह्यरुग्ण विभागात करावयाची मलमपट्टी तिच्यात बसत नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय, असे केंद्र म्हणू शकेल. परंतु असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून केंद्राचाच आहे आणि बहुतेक राज्यांत खर्चाचा ६० टक्के वाटा तेच उचलते. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर मोजताना रुग्णाला चप्पल काढावयास सांगणे, एवढा आदेश त्या कार्यक्रमातूनच निघू शकतो.