आभाळातली वाट बंद कोणी करायची?

शेलूबाजार : आखातात कामाला निघालेलं पोरगं विमानात बसलं की घरचे फोनवर एकच विचारतात, पोहोचला का? मधे काय चाललंय हे ना त्याला माहीत, ना घरच्यांना. तिकिटावर वेळ असते, सीट असते. विमान कोणकोणत्या देशांवरून जाणार हे मात्र लिहिलेलं नसतं.

13 जून 2025 ला पहाटे मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान जवळपास तीन तासांनी परत मुंबईतच उतरलं. इस्रायलने इराणवर हल्ला केला होता आणि इराणचं आकाश बंद झालं होतं. प्रवाशांचा खोळंबा झाला, पण जीव वाचवायची रीत हीच. दहा दिवसांनी इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हाही कतारने हल्ल्याच्या थोडं आधी आपलं आकाश बंद केलं होतं.

सगळीकडे असं होत नाही. 17 जुलै 2014 ला युक्रेनवर मलेशियाचं विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं, 298 लोक गेले. युक्रेनने 32 हजार फुटांपर्यंतचं आकाश बंद केलं होतं; विमान होतं 33 हजारांवर. त्याच पट्ट्यात तेव्हा एअर इंडियाचं दिल्ली–बर्मिंगहॅम विमानही होतं. पुढे 8 जानेवारी 2020 ला इराणने स्वतःच तेहरानजवळ युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं, 176 मेले. काही तास आधीच इराणने इराकमधल्या अमेरिकी तळांवर मारा केला होता, उलट हल्ल्याची धास्ती होती, तरी विमानतळ चालूच ठेवला.

1944 च्या शिकागो कराराने ज्याचं आकाश त्याची मालकी ठरली. 1983 मध्ये सोव्हिएत संघाने कोरियाचं विमान पाडल्यावर, प्रवासी विमानावर शस्त्र चालवायचं नाही, असं कलमही त्यात घातलं. पण आकाश बंद कधी करायचं हे त्या-त्या देशावरच सोडलेलं आहे. इथंच घोळ आहे. आकाश बंद केलं की वरून जाणाऱ्या विमानांचं भाडं बुडतं, आणि आपल्या हद्दीवर आपला ताबा नाही हे कबूल केल्यासारखं होतं. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडायचा आणि धुऱ्यावरच्या वाटेला पाटी लावायची नाही, तसलाच हा प्रकार. मरतो तो वाटसरू.

आपल्याकडेही हे घडता घडता राहिलं. 7 मे 2025 च्या रात्री पाकिस्तानने ड्रोन सोडले, पण नागरी विमानांसाठी आकाश चालूच ठेवलं. प्रवासी विमानांची ढाल केली, असा आरोप भारताने पत्रकार परिषदेत नकाशा दाखवून केला. भारताने पंजाबकडचं आकाश रिकामं ठेवलं होतं. पुढे उत्तर आणि पश्चिम भारतातले 32 विमानतळ बंद झाले, ते 12 मेला उघडले. महाराष्ट्रातला त्यात एकही नव्हता.

अशा वेळी आपलं-परकं ओळखणं लष्करालाही किती जड जातं, हे नाशिककरांना सांगायला नको. 27 फेब्रुवारी 2019 ला बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपलंच हेलिकॉप्टर पडलं. त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे गेले. हवाई दलातले सहा जण आणि खाली जमिनीवर असलेला एक गावकरी. मोठी चूक झाली, असं हवाई दलप्रमुखांनी नंतर मान्य केलं.

बंद आकाशाचाही धोका असतो, तो कमी बोलला जातो. 21 मे 2025 ला दिल्ली–श्रीनगर इंडिगोचं विमान गारपिटीत सापडलं. आत दोनशेच्या वर माणसं. वैमानिकाने सीमेकडे वळायची परवानगी मागितली, आपल्या हवाई दलाच्या नियंत्रण कक्षाने दिली नाही. मग लाहोरला विचारलं, त्यांनीही नाही म्हटलं. शेवटी गारांतूनच नेऊन विमान उतरवलं, पुढचं नाक फुटलेलं. युद्धबंदी होऊन अकरा दिवस झाले होते. संकटात सापडलेल्या प्रवासी विमानाला दोन्ही बाजूंनी वाट द्यायची, एवढं तरी दोन्ही सरकारांना ठरवून ठेवता आलं असतं.

मलेशियाच्या विमानाला रशिया जबाबदार, असं आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या परिषदेने मे 2025 मध्ये ठरवलं. तोवर जवळपास अकरा वर्षं गेली होती. रशियाने ते मानलं नाही.