पहिली गाडी जुनी का नको?


‘पहिली गाडी नवीच घ्या, हप्ता परवडतो’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला पटला नाही. ९ टक्क्यांनी ८ लाखांचे कर्ज ७ वर्षांसाठी काढले, तर महिन्याला सुमारे १२,९०० रुपये जातात आणि नुसते व्याजच २ लाख ८० हजारांवर पोचते. विमा, पार्किंग वेगळेच. नोकरीत जेमतेम रुळलेल्या मुलाची उद्या बंगळुरूला बदली झाली, तर? तिथला कर नव्याने भरा आणि इथला परत मिळवायला आरटीओत खेटे घाला.

जुन्या गाडीत फसगत होते, हा त्यांचा मुद्दा रास्त आहे. पण त्यावर उपाय आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आतल्या टोकाला चिखलाचे डाग दिसले, तर गाडी पुरात बुडालेली असण्याची दाट शक्यता. डिकीत स्टेपनीखालचा पत्रा गंजलाय का, तेही बघा. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. आरसीवरचा बँकेचा बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम हातात देऊ नका.

एवढे पारखून तीन-चार लाखांची गाडी घेतली, तर पहिला ओरखडा पडल्यावर झोप तरी उडणार नाही.

– एक वाचक, चिंचवड