आजी, तुम्ही बसा!

‘आई, तू बस बघू. आम्ही करतो सगळं!’

दिवाळीच्या आठवड्यात हे वाक्य घरोघर जितक्या वेळा कानांवर पडते, तितके उरलेल्या वर्षात पडत नसेल. मुलगा पुण्याहून आलेला असतो, सूनबाई रजा काढून आलेली असते, आणि दोघांनाही मनापासून वाटते की आईने जन्मभर केले, आता चार दिवस तरी तिने खुर्चीवर बसून हुकूम सोडावेत. यात खोटे काहीच नाही. प्रेमच आहे. पण वाचकहो, गेली तीस वर्षे मी मलकापुरात दवाखाना चालवतो आहे. या प्रेमाच्या वाक्याने अकाली म्हातारी झालेली माणसे मी इतकी पाहिली आहेत, की यंदाच्या दिवाळी अंकात दुसऱ्या कोणत्या विषयावर लिहावे असे मला वाटेना.

मलकापूर म्हणजे कराडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले आमचे गाव. गाव म्हणायचे ते सवयीने. आता ते चांगले शहर झाले आहे. एका बाजूला आगाशिवाचा डोंगर आणि त्यातली जुनी बौद्ध लेणी. दुसऱ्या बाजूला कृष्णा रुग्णालय आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय. सकाळी सहाला एखादे सत्तरीचे आबा डोंगराच्या पायऱ्या चढताना दिसतात आणि दहाला त्यांच्याच वयाचे दुसरे आबा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना दिसतात. दोघांचे जन्मसाल एक, गाव एक, पाणी एक. मग फरक कशाने पडला?

पाण्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. चोवीस तास नळाला पाणी आणि घरोघर मीटर, या योजनेने मलकापूरचे नाव २०१० सालाच्या आधीच महाराष्ट्रभर झाले. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला ही फार मोठी गोष्ट झाली, आणि तो परत चढावा असे कोणी म्हणणार नाही. पण हंड्याबरोबर पाय, पाठ आणि मनगट यांचे रोजचे कामही गेले. पाटा-वरवंटा गेला, जाते गेले, पाट जाऊन टेबल आले. कष्ट गेले ते बरेच झाले. त्यांच्या जागी काय ठेवायचे याचा विचार मात्र आपण केला नाही.

माणूस बसला की काय होते, याचा पहिला मोठा पुरावा सापडला तो लंडनच्या बसगाड्यांत. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लंडनच्या बसला दोन मजले. चालक दिवसभर बसलेला, तर कंडक्टर तिकिटे फाडीत दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या वरखाली करणारा. एकाच गाडीतले, सारख्याच परिस्थितीतले हे दोघे. पण चालकांच्या मानाने कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता आणि झालाच तर तो सौम्य असे. पुढे टपालखात्यातही तेच दिसले. हिंडणारा पोस्टमन एकंदरीत सुखी; कचेरीत बसणारा कारकून धोक्यात. हे मॉरिस स्वतः पुढे नियमाने व्यायाम करीत राहिले आणि २००९ साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी वारले.

दुसरा प्रयोग याहून बोलका आहे. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली वीस वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. हृदयाची आणि फुप्फुसांची ताकद आधी मोजली, नंतर मोजली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीचे झाल्यावर पुन्हा बोलावून मोजली. निष्कर्ष काय निघाला? तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केले होते! आणि गोड भाग असा, की त्यांच्याकडून सहा महिने बेताबेताने व्यायाम करून घेतल्यावर ती ताकद पुन्हा विसाव्या वर्षीच्या पातळीवर आली.

हे झाले तरुणांचे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका प्रयोगात निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवले होते. दहा दिवसांत त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो मांस झडले. एक किलो! तरुणाला ते भरून काढता येते. सत्तरीत ते भरून येणे फार कठीण जाते. स्नायू हे असे खाते आहे, की त्यातून पैसे काढणे सोपे आणि भरणे अवघड. आणि साठीनंतर तर ते न काढताही घटत जाते.

आमच्या गल्लीत एक आक्का आहेत. मास्तरांच्या पत्नी, मास्तर जाऊन बारा वर्षे झाली. वय सत्याहत्तर. स्वतःचा स्वयंपाक स्वतः, रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालत. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांना ताप आला, पंधरा दिवस पडून राहिल्या. ताप गेला. मुले गुणी. त्यांनी स्वयंपाकाला बाई ठेवली, उशाशी घंटी लावली, उंच गादीची आरामखुर्ची आणली आणि आईला बजावले, ‘आता उठायचे नाही. पडलीस तर काय घ्या!’ आक्कांनी ऐकले. सहा महिन्यांनी मी सहज गेलो तेव्हा खुर्चीतून उठायला त्यांना दोन माणसे लागत होती. मला म्हणाल्या, ‘डॉक्टर, आजार काहीच नाही हो मला. पण बसून बसून पायच माझे राहिले नाहीत बघा.’

जी भीती टाळण्यासाठी त्यांना बसवले होते, तीच भीती बसवण्याने खरी होऊ घातली होती. कारण पाय कमजोर झाले की तोल जातो, तोल गेला की माणूस पडतो, आणि या वयात खुब्याचे हाड मोडले की पुढची कथा सांगायला नको. मुलांशी मी बोललो. एक भौतिकोपचार करणाऱ्या ताई आठवड्यातून तीनदा येऊ लागल्या. पहिले पंधरा दिवस नुसते खुर्चीच्या दांड्यांना धरून उठणे आणि बसणे. मग ओट्याला धरून टाचा उचलणे. मग अंगण. आज आक्का काठी घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जातात. देऊळ अजून लांब आहे, आणि ते पुन्हा गाठता येईलच असे मी त्यांना खोटे सांगत नाही. पण न्हाणीघरात त्या एकट्या जातात. म्हातारपणी स्वाभिमान म्हणतात तो यातच असतो.

‘एवढ्या वयात व्यायाम!’ म्हणून हसणाऱ्यांसाठी आणखी दोन दाखले. बॉस्टन येथे १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली आणि दोघांनी हातातली काठी सोडली. त्यानंतर २०१४ साली सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १,६३५ लोकांवरील मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना चालणे, पायांना बळ आणि तोल यांचे नियमित व्यायाम दिले; निम्म्यांना आरोग्यावर व्याख्याने. सुमारे अडीच वर्षांत, व्यायाम करणाऱ्यांत चारशे मीटर चालणे जमेनासे होण्याचे प्रमाण १८ टक्क्यांनी कमी भरले. नुसत्या व्याख्यानांनी पाय चालत नाहीत, हे लेख लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनीही ध्यानात ठेवावे!

आता कोणी म्हणेल, ‘आमच्या घराण्यातच दीर्घायुष्य नाही.’ डेन्मार्कमध्ये २,८७२ जुळ्यांच्या जोड्या तपासून १९९६ साली शास्त्रज्ञांनी सांगितले, की आयुष्याच्या लांबीतला रक्तावाटे आलेला वाटा साधारण चौथाई. बाकी बारा आणे आपल्या राहणीचे, परिस्थितीचे आणि दैवाचे.

आपल्याच मुलुखातली उदाहरणे पाहा. महर्षी धोंडो केशव कर्वे सतराव्या वर्षी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला निघाले. कुंभार्ली घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट तुडवीत चार दिवसांत पोहोचले. आणि लहान चणीमुळे ‘वय पुरे दिसत नाही’ म्हणून परीक्षेला बसू दिले नाही! ते पाय पुढे शंभरी ओलांडून १९६२ पर्यंत, वयाच्या एकशे चौथ्या वर्षापर्यंत चालले. आमच्याच सातारा जिल्ह्यात औंधला राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे एवढे भक्त, की संस्थानातल्या शाळांतून त्यांनी ते सुरू केले. १९५१ साली ते गेले तेव्हा ८२ वर्षांचे होते. त्यांच्या आश्रयाने औंधला राहून वेदांचे काम करणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते. ते १८६७ ते १९६८ असे शंभर वर्षांहून अधिक जगले. तीन थोर माणसे म्हणजे काही शास्त्रीय सिद्धता नव्हे. पण तिघेही शेवटपर्यंत कामात होते, एवढे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

आपली ताकद किती उरली हे कळायला यंत्रेच लागतात असे नाही. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताच्या मुठीचा जोर मोजून २०१५ साली असे दिसले, की मूठ किती घट्ट आवळता येते यावरून मृत्यूचा धोका रक्तदाबाच्या आकड्याहूनही चांगला सांगता येतो. नुसता चेंडू दाबीत बसल्याने आयुष्य वाढेल असा याचा अर्थ नाही. मूठ ही साऱ्या अंगाच्या ताकदीची खूण. चकलीचा सोऱ्या दाबताना गेल्या वर्षी जो हात थांबत नव्हता तो यंदा चौथ्या चकलीला थांबत असेल, तर घरच्यांनी मनात नोंद करावी. मुंबईला देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली देशभरच्या पंचेचाळीस वर्षांपुढील ७२ हजारांवर लोकांची पाहणी सुरू केली, तीतही मुठीचा जोर मोजला आहे.

जेवणाचा मुद्दा आम्हा मध्यमवर्गीयांच्या फार जवळचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपला आणि एका इंग्रज डॉक्टरमित्राचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे तंतोतंत सारखे. पण अंगातली चरबी इंग्रजाची ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१! म्हणजे आपण दिसतो सडपातळ. पण स्नायू थोडे आणि चरबी जास्त. त्यांनीच २००६ साली पुण्यातल्या पुरुषांच्या रक्तातले ब-१२ जीवनसत्त्व तपासले, तर शहरी मध्यमवर्गीयांत दर शंभरांत ८१ जणांत ते कमी निघाले. हे जीवनसत्त्व दूध आणि मांसाहारातून मिळते. वय वाढले की ते अंगी कमी लागते आणि मधुमेहाची किंवा पित्ताची काही औषधे ते आणखी घटवतात. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा, हे सारे ‘वयाचे’ म्हणून सोडून दिले जाते आणि कधी कधी साध्या गोळीने वा इंजेक्शनने सुधारणारे निघते. शिवाय ‘म्हाताऱ्या माणसाला किती लागणार!’ म्हणून चहा-खारी आणि मऊ भातावर आजी-आजोबांना ठेवू नये. स्नायू राखायला त्यांना प्रथिने तरुणांहून कमी नव्हे, थोडी अधिकच लागतात. घट्ट वरण, उसळ, दही, दूध, चालत असल्यास अंडे, हे रोजच्या दोन्ही जेवणांत असावे. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच.

मेंदूचेही असेच. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षे चांगला आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाबावर नजर, असे चौफेर शिस्तीत ठेवले, तेव्हा त्यांची बुद्धी इतरांहून चांगली टिकली. आणि २०२४ साली जगातल्या तज्ज्ञांच्या एका मंडळाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी कारणे सांगितली, त्यांत कमी ऐकू येणे हे एक मोठे कारण आहे. चश्मा लावायला आपण लाजत नाही; कानाचे यंत्र म्हटले की मात्र घराण्याची अब्रू जाते! न ऐकू येणारा माणूस हळूहळू बोलण्यातून उठतो, मग घरातूनही मनाने उठतो.

तेव्हा या दिवाळीत एवढेच करा. पाडव्याच्या सकाळी वडिलांना खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठता-बसता येते का, ते शेजारी उभे राहून पाहा. येत असेल तर रोजचे अर्धा तास चालणे आणि हेच उठणे-बसणे सुरू ठेवायला सांगा. येत नसेल तर घाबरू नका. डॉक्टरांना दाखवा आणि धरून उठण्यापासून आरंभ करा. छातीत दुखत असेल, चालताना दम लागत असेल, चक्कर येत असेल, तर आधी तपासणी आणि मग व्यायाम. न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, निसटत्या सतरंज्या उचला, रात्रीचा दिवा ठेवा. पडण्याची भीती अशी कमी करायची असते. माणसाला खुर्चीला बांधून नव्हे.

आणि आई भाजणी चाळायला उठली तर तिला बसवू नका. चाळण तिच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारी उभे राहा. तिला मदत नको असते. सोबत हवी असते.

सर्व वाचकांना आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना ही दिवाळी सुखाची, आणि चालती-फिरती जावो!