एकवीस वर्षांचा चढ

काय दोस्तांनो, सायकलवर टांग मारून तुम्ही लांबात लांब कुठवर गेला आहात? शाळेपर्यंत? मामाच्या गावाला? आज आपण भेटणार आहोत आयर्लंडहून निघून सायकलने दिल्लीला आलेल्या डर्व्हला मर्फीला. आणि बरं का, ती एकटीच आली होती!

डर्व्हलाचा जन्म १९३१ सालचा, लिस्मोर नावाच्या छोट्या गावातला. दहाव्या वाढदिवसाला आईबाबांनी तिला एक जुनी, वापरलेली सायकल दिली आणि आजोबांनी नकाशांचं पुस्तक. थोड्याच दिवसांनी गावाजवळचा एक उभा चढ चढताना तिची नजर पॅडल मारणाऱ्या स्वतःच्या पायांवर गेली. मनात आलं, हे पाय असेच फिरत राहिले तर आपण भारतात पोचू की! बस्स, ठरलं. पण ती कुणाला काही बोलली नाही. मोठी माणसं हसली असती ना!

मग लगेच निघाली का? छे! आई संधिवाताने आजारी. तिची सेवा करायला डर्व्हलाला चौदाव्या वर्षी शाळा सोडावी लागली. मधून मधून सवड मिळे तेव्हा ती सायकलने छोट्या सफरी करून यायची. १९६२ साली आई वारली आणि जानेवारी १९६३ मध्ये, ऐन कडाक्याच्या थंडीत, डर्व्हला निघाली.

तिच्या सायकलचं नाव होतं रोझ. डॉन क्विक्झोटच्या घोड्याच्या नावावरून ठेवलेलं! वाटेतले रस्ते खडबडीत, तिथे नाजूक गिअर टिकायचे नाहीत, म्हणून तिने ते चक्क काढूनच टाकले. जादा टायर मात्र वाटेतल्या ठिकाणी आधीच पोस्टाने पाठवून ठेवले.

अफगाणिस्तानात एका बसमध्ये बंदुकीच्या दस्त्याचा मार बसून तिच्या बरगड्या मोडल्या. तरी तिथली माणसं तिला फार आवडली. अनोळखी घरांत तिला जेवण मिळालं, झोपायला जागाही मिळाली.

पुढे पाकिस्तानच्या उत्तरेला आली बाबुसर खिंड. उंची ४,१७३ मीटर! आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ही खिंड त्याच्या अडीच पटीहून उंच. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. समुद्रकाठी एका श्वासात मिळतो त्याच्या साधारण ६० टक्केच प्राणवायू मिळतो. चार पावलं टाकली की धाप लागते. खाली सिंधूच्या खोऱ्यात अंग भाजणारं ऊन आणि वर बर्फच बर्फ. तिथे पॅडल कसलं मारता? रोझला ढकलत, ओढत, कधी उचलून घेत डर्व्हलाने खिंड ओलांडली. आतापर्यंत सायकलने तिला वाहून आणलं, आता तिने सायकलला!

जुलै १९६३ मध्ये ती दिल्लीला पोचली. पण लगेच घरी परतली नाही. धर्मशाळेला जाऊन तिबेटी निर्वासितांच्या मुलांची सेवा करत राहिली. पुढे तिने प्रवासावर खूप पुस्तकं लिहिली. २०२२ साली, नव्वदाव्या वर्षी, ती लिस्मोरलाच वारली.

चढावर सायकलवरून उतरून चालायची आपल्याला लाज वाटते, नाही का? डर्व्हला किती वेळा उतरली असेल कोण जाणे! वाट बघायची वेळ आली तेव्हा तिने एकवीस वर्षं वाट बघितली, पण बेत काही सोडला नाही.

आता तुमची पाळी. येत्या रविवारी घरी सांगून, ब्रेक आणि हवा तपासून, जवळचा एखादा चढ गाठा. दम लागला तर खुशाल उतरा. आणि आईबाबा, त्या चढावर तुमच्या मुलाला काही भलतंच सुचलं, तर हसू नका हं!