मूल उशिरा बोलेल म्हणून थांबू नका

या सदरात आपण पीकपाण्याचे बोलतो. आज मात्र माझ्या पुतणीच्या मुलाविषयी लिहितो. असे मूल आपल्याही घरात असू शकते.

पुतणी नवी मुंबईत नेरूळला राहते. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. सांगितलेले सारे त्याला कळे. "आजोबांची चप्पल आण" म्हटले की पळत जाऊन आणी. पण पाणी मागताना एकदा 'पानी', एकदा 'बाई', तर एकदा नुसतेच 'आ'. गावाकडून सल्ले आले: वेखंड चाटवा, जिभेचा तंतू कापा, मुलगे उशिराच बोलतात. एका डॉक्टरांनीही थांबायला सांगितले. त्यात वर्ष गेले. थांबा म्हणणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो.

शेवटी कान तपासले. ऐकू नीट येत होते. मग वाचातज्ज्ञ बाईंनी निदान केले: ॲप्रॅक्सिया. यात काय बोलायचे ते मुलाला ठाऊक असते, जीभ-ओठही दुबळे नसतात. पण एका आवाजामागून दुसरा आवाज काढताना लागणाऱ्या हालचालींची आखणी मेंदूकडून नीट होत नाही. यात आईचा दोष नाही आणि मुलाचा हट्टही नाही.

यावर गोळी-औषध नाही. तज्ज्ञांकडे नियमित सराव आणि घरी रोज दहा-पंधरा मिनिटे, हाच उपाय. एकदम पाट सोडण्यापेक्षा ठिबक बरे, तसेच हे. समोर बसून एकच शब्द हळू, पुन्हा पुन्हा म्हणावा. मूल खुणेने सांगत असेल तर सांगू द्यावे. खुणांमुळे बोलणे मागे पडत नाही.

जावे कुठे? वाशीला महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र आहे. वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. गावच्या लोकांनी अंगणवाडीपासून सुरुवात करावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासते आणि गरज असल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कायमच्या वाचादोषाचाही समावेश आहे.

परवा फोनवर तो मला 'आबा' म्हणाला. अजून पुष्कळ शब्द बाकी आहेत, पण गेलेले वर्ष काही परत येणार नाही. आपले मूल दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर याच आठवड्यात अंगणवाडीताईंना भेटा.